पुरीची गाडी अन फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

त्या दिवशी तिथी पाच जनं होतो. मी शेवंता. तू. माही माय सरजाबाई. माहा मोठा भाऊ गोविंदा, जो ढलाईसाठी फळ्या ठोके. अन तुहा सख्खा मामा बिसन डायवर, ज्याच्या हाती ठेकेदाराची गाडी होती. सहावं कोनी नवतं. पाचातले तीन कवाच गेले. ऐतवारी तू गेली. आता त्या दिवसाची मी एकटीच उरली.

तुहं नाव मी लिहिनार नाई, महापरसाद. ऐतवारी तुह्या आंगनात बसली होती तर तुहा नातू मयतीचं फारम घेऊन आला. म्हने, "दादी, मायके में इनका क्या नाम था?" मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. त्यानं दोनदा विचारलं. मंग कोनाले तरी म्हने, "रहने दो, इनको याद नहीं." मले सगळं याद आहे. पन एकदा महापरसाद बदलं, म्हंजे पुरीच्या परसादाचा दाना एकमेकीले खाऊ घालून जन्माच्या सखी झालं, का एकमेकीचं नाव घ्याचं नसते. तुमच्या छत्तीसगडची रीत, तुनंच मले शिकवली. जितेपनी नाई घ्याचं हे समजलं. मेल्यावर घ्याचं का नाई, ते मले कोनी सांगितलं नाई. विचारू तर कोनाले विचारू? असं काई अडलं का तुलेच विचारत होती.

मी दुसरीबी शिकली नाई. लेकाच्या पाटीवर अक्षरं गिरवली तेवढीच. आज चार दिवसांपासून हे लिहून राहिली. हात थांबते, मंग चष्मा पुसते, मंग पुन्हा लिहिते.

तुही माही भेट घमेल्याची. आमी आमगावाकडचे, धानाचं गाव. बाप मेला, वावर काकाकडं गेलं, तवा गोविंदा आमाले घेऊन इथी छत्तीसगडात आला. पोलादाचा प्लांट बनून राहिला होता. भट्टी अजून पेटली नवती. जिकडं पाहा तिकडं खड्डे, मातीचे ढीग, लोखंड, अन रशियन साहेब धोतरवाल्या मुन्शीसंगं हातवारे करून बोलत. सिमिटाची ढलाई सुरू झाली का थांबवाची नाई, असा हुकूम. थांबली तर जोड राहते म्हनत. म्हनून आमी रेजा, म्हंजे मजूर बाया, दोन रांगा करून उभ्या राहत असो अन घमेलं या हातातून त्या हातात जाय. तू माह्या खाली उभी राहे. घमेलं वर देताना तू माह्या बोटावर अंगठा दाबे. दाबला म्हंजे जड आहे, सांभाळ. नाई दाबला म्हंजे हलकं आहे. पहिले आठ दिवस आपन एक शब्द बोललो नवतो, पन मले तुहा अंगठा ओळखू येत होता.

तू इथलीच. तुहं गाव प्लांटात गेलं होतं. भाकर खाताना तू मले हातानं दाखवे, "वो क्रेन दिखत हे न? ओखर डेरी गोड़ तरी मोर बाबू के खेत." म्हंजे क्रेनच्या डाव्या पायाखाली तुह्या बापाचं वावर. तू हे हासत सांगे. मले हासाले येत नवतं.

त्या वावराच्या शेवटच्या पिकाचे पायलीभर तांदूळ तुह्या बापानं येगळे ठेवले होते. त्यानं बदना केला होता, म्हंजे नवस, का हे तांदूळ पुरीले जगन्नाथाच्या पायाशी नेऊन देईन. वावर गेलं त्या थंडीत तोबी गेला. तांदूळ कडूनिंबाच्या पाल्यात बांधून तुह्या घरच्या आड्याले टांगलेले होते. तुह्या मायच्यानं ते पाहवत नसे. एक दिवस तू मले म्हनली, हे मी नेनार. पायी जाव लागलं तरी नेनार.

मीनं म्हटलं, "पायी कावून? तुहा मामा डायवर आहे ना व?"

बस. तिथून ते सुरू झालं.

किती महिने आपन ते ठरवत होतो! मोठ्या सडकीवर चायच्या टपरीपाशी गाड्या थांबत. तू सरळ डायवरपाशी जाऊन विचारे, भाऊ, पुरीले जाता येते का, कोन कोन गाव लागते. मी मांगं पदर दाताखाली धरून उभी. कोनी सांगे, कोनी हासे. एक डायवर म्हने, "दो लड़की, पुरी? भागकर जा रही हो क्या?" तुनं त्याले म्हटलं, "हव, तोरेच संग." तो बिचारा चाय सांडून उठला.

लिहाले तुलेबी येत नवतं, मलेबी नाई. तुनं सुतळी आनली अन गाठी मारल्या. एक एक गाठ धरून आपन म्हनत असो: रायपूर, आरंग, पिथौरा, सरायपाली, बरगढ, संबलपूर, अंगुल, कटक, पुरी. ढलाईत बी म्हनत असो, घमेल्यागनिक एक गाव. शेजारच्या बायका तरासून गेल्या होत्या. एक तेलंगी मावशी म्हने, "अरे, पोहोंची के नहीं अभी तक?"

भांडन बी किती. मी म्हनो समुद्र आधी पाहू. तू म्हने, खाली हातानं समुद्र पाहाले काय जत्रा आहे का, आधी देऊळ. मी म्हनो लाखोळीच्या पिठाच्या भाकरी नेऊ, चार दिवस टिकते. तू म्हने मुरमुरे अन गूळ. केबिनमधे खिडकीपाशी कोन बसन, याच्यावर तर तू दोन दिवस माह्याशी बोलली नाई. अंगठाबी दाबला नाई. जड घमेलं माह्या पायावर पडलं तवा बोलली. ते खिडकीचं अजूनबी मिटलं नाई, महापरसाद.

त्याच दिवसात आपन महापरसाद बदलं. तुह्या गावच्या बुढीपाशी महापरसादाचे चार सुकले दाने होते, कोन्या पंड्यानं दिलेले. दोन पाट मांडले, नारळ बदलले, तू माह्या तोंडात दाना घातला, मी तुह्या. माय आधी कुरकुरली होती, "आपल्याकडं असं काई नसते व पोट्टे." पन वेळेवर तिनंच आपल्या पेटीतला खन काढून तुह्या ओटीत घातला. त्या दिवसापासून तुही माय माही फूलदाई, म्हंजे मानलेली माय, झाली, अन माही माय तुही. माहे मामा तुहे मामा. सुख तुहं ते माहं, सुतक माहं ते तुहं. बुढीनं असंच सांगितलं होतं. आपन मान हालवली होती. कोन्या पोट्टीले त्या वयात सुतकाचं ध्यान राहते?

चैत लागला. बिसनमामा एक दिवस आला अन म्हने, ठेकेदाराची गाडी कटकले खाली जाऊन राहिली, तिथून मशीन आनाची आहे. मशीन भराले चार दिवस लागन, तेवढ्यात तो आपल्याले पुरी दाखवून आनन. "लेकिन सुन लो दोनों," तो म्हने, "गाड़ी में उलटी करोगी तो तुमसे ही धुलवाऊंगा." गोविंदा संगं येनार, म्हनून मायबी हो म्हनली. मनातून नवती म्हनली. माह्या लग्नाचं कुठी तरी बोलनं चालू होतं, अन लग्नाची पोट्टी गाडीवर बसून परमुलखात गेली हे ऐकलं तर कोनता सोयरा दारात येईन, हे ती रोज भाकरी थापताना म्हने. मी म्हनो, "नको येऊ दे."

अन मंग ते कार्ड.

गाडी निघाच्या आदल्या दिवसाची दुपार. मी नळावरून पानी घेऊन आली. माय चुलीपाशी बसली होती, हातात पोस्टाचं कार्ड. दुपारीच हाजिरीच्या मुन्शीनं तिले वाचून दाखवलं होतं, हे मले मांगून समजलं. कार्ड माह्या लखूमामाचं होतं, मायच्या सख्ख्या भावाचं. पोराकडचे सहाव्या दिवशी पाहाले येऊन राहिले, पोरीले घरी ठेवजो, एवढंच त्याच्यात होतं. मी दारात उभी, डोक्यावर गुंड. माह्या डोळ्यासमोर मायनं त्या कार्डाचा कोपरा फाडला.

आमच्यात मयतीच्या कार्डाचा कोपरा फाडून धाडते. तसं कार्ड आलं का अडानी मानसालेबी वाचून घ्याची गरज नसते. कोपरा पाहिला का बाया आंगावर पानी घेते, शिजलं अन्न फेकते, अन कार्ड घरात ठेवत नाई.

मायनं माह्याकडं पाहिलं. मीनं मायकडं पाहिलं. फाटलेला तुकडा तिनं चुलीत टाकला.  तिनं कार्ड उंबऱ्यावर ठेवलं, माह्या डोक्यावरचं गुंड उतरवलं, अन लुगड्यासकट सगळं आपल्या आंगावर ओतून घेतलं.

तेवढ्यात तू आली. बिसनमामा बी संगं होता, उद्या किती वाजता निघाचं ते सांगाले. गोविंदा मांगून आला. हेच ते पाच जनं. तुह्या कमरेले नवी पिशवी बांधलेली, बापाचे तांदूळ त्याच्यात शिवलेले, मले दाखवाले आनली होती. तू उंबऱ्यावर पाहिलं अन जागीच थांबली.

"कोन?" तू म्हनली.

माय म्हनली, "माह्या भावाच्या घरून आलं."

एक शब्द खोटा नवता त्याच्यात.

लखूमामाले तू एकदाच पाहिलं होतं. त्यानं तुले चिवड्याची पुडी देऊन म्हटलं होतं, "ही तर माहीच भाची, काळी असली म्हनून काय झालं!" तू मटकन खाली बसली अन असा टाहो फोडला का शेजारपाजार जमा झाला. मायनं एवढं धरलं नसन. तिले फक्त माहा पाय थांबवाचा होता. ती घाईघाईनं म्हनली, "तू जा व पोरी. तू आमच्या रगताची थोडीच आहे? तुले काई सुतक नाई. तू जाय आपल्या मामासंगं."

तू डोळे पुसले. म्हनली, "तोर ममा, मोर ममा. सुतक मं मैं भगवान के आघू कइसे जाहूं?" म्हंजे सुतकात देवापुढं कशी जाऊ. अन कमरेची पिशवी सोडून, हात न लावता, नखानं उचलून, बाहेरच्या खिळ्याले टांगली. सुतकाचा हात लागू नये म्हनून.

मायचा चेहरा मीनं पाहिला. तिचं तोंड उघडलं होतं. मंग मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सडकीवर येऊन उभी राहिली. बिसनमामानं तीन वेळा हारन वाजवला. एका रेजासाठी ठेकेदाराची गाडी थांबत नसते, तरी तो थांबला. मी अन तू तलावावरून ओल्या लुगड्यानं येत होतो. तू हात हालवून त्याले सांगितलं, जा. गाडी गेली. धूळ बसेपर्यंत तू पाहत होती. अन मी तुह्याकडं. मले फक्त एवढंच म्हनाचं होतं: मामा जिता आहे, धाव. चार शब्द. गाडी वळनावर हळू होत असे, तू धावली असती तर भेटली असती.

कावून नाई म्हटलं? किती वर्षं झाले, मी उत्तर जमवून राहिली. माय खोटी पडली असती, हे एक. आपल्या जित्या भावाले मारलं म्हनून लोकं तिच्या तोंडावर थुंकले असते. दुसरं, बापाच्या मांगं तिनं आमाले कसं वाढवलं ते मीनं पाहिलं होतं. अन तिसरं तुह्याशिवाय कोनाले सांगनार नाई. मलेबी भेव वाटत होतं. गाठी मोजताना नाई वाटलं. गाडी खरंच उभी राहिली तवा वाटलं. माय थांबवून राहिली हे पाहून माह्या पोटात कुठी तरी बरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी माय म्हनली, पावर हाउस नावाच्या टेशनावर गावचा मानूस भेटला, लखूभाऊ धडधाकट आहे, कार्ड टपालात फाटलं असन. तू हे ऐकलं अन नाचली. खरंच नाचली. मजुरायच्या अख्ख्या लाइनीत गूळ वाटला. एकदाबी म्हनली नाई का माही गाडी गेली.

सहाव्या दिवशी लखूमामा पोराकडच्यांले घेऊन हजर. तू धावत जाऊन त्याच्या पायावर पडली अन म्हनली, "ममा, मर के वापिस आए हस, अब सौ बछर जीबे!" मामा बिचारा पाहुन्यायसमोर चाचपडला, "मी? कवा मेलो व?" माय आतून वरडली, "अरे, खोटी बातमी आली का आयुष्य वाढते दादा, बस तू!" पाहुने हासले. सगळे हासले. माहं लग्न त्या हासन्यात जमलं. नवरा चांगला भेटला, खोटं कावून बोलू. त्याच्याबद्दल माही तक्रार नाई.

बिसनमामा समुद्र पाहून आला. तुह्यासाठी शंख आनला. म्हने, अगली बार. तो पुढच्या कामावर राउरकेल्याकडं गेला अन तिकडंच राहिला. पावसाळ्यात तुह्या तांदळाले सोंडे लागले. तू ते चाळले, उन्हात घातले, पुन्हा लागले. शेवटी तू ते तलावात मासोळ्याले सोडले. मी तवा सासरी होती. दिवाळीले आली तवा तू हासत सांगितलं, "बाबू के चाउर मछरी मन खा डारिन." मी तवा बी हासली, महापरसाद. तुह्यासंगं हासली.

मांगून तुह्या लेकाले प्लांटात नोकरी लागली, त्यानं पुरीचं रेल्वेचं तिकीट आनलं. तू गेली नाई. मले म्हनली, आता काय घेऊन जाऊ? जगन्नाथ म्हनन, बापानं काय धाडलं, तर काय दाखवू?

मंग आमीबी इथीच राहाले आलो. माही दुसरी पोरगी तापानं गेली तवा तू खुर्सीपारच्या आपल्या घरून रोज पायी येत होती. दहा दिवस आळनी खाल्लं. गोविंदा गेला तवा बी. माय गेली तवा घाटावर सगळ्यात पहिले तू पान्यात उतरली. त्याच्या आदल्या दिवशी मायनं मले जवळ बोलावून म्हटलं होतं, "तिले सांगून दे आता." मी हो म्हटलं. तू तिथी दारातच बसून तिच्यासाठी पेज गाळत होती. हो म्हटलं अन उठून भांडे घासाले गेली.

एकदाच तू विचारलं. हुडको कॉलनीतल्या घरी, माह्या ओट्यावर, आपन तांदूळ निवडत होतो. दोघींचे केस पांढरे झाले होते. तू खाली मान घालूनच म्हनली, "महापरसाद, ते कार्ड कोनं वाचलं होतं?"

"मुन्शीनं," मी म्हनली.

"हव," तू म्हनली. अन एक खडा काढून बाजूले टाकला. मंग सुनेच्या गोष्टी सांगाले लागली.

त्या "हव" मधे काय होतं, ते सांग मले. मयतीचं कार्ड कोनी वाचून घेत नाई, हे तुले समजलं होतं का? कवा समजलं? समजूनबी माह्या पोरीचं सुतक पाळत होती का? का खरंच काई नवतं, सहज विचारलं? मी रोज ठरवत होती, पुढच्या खेपी विचारीन. तुही शुगर वाढली, डोळे गेले, मी ठरवतच होती. गेल्या महिन्यात आली तवा तू मले हातावरून ओळखलं. अंगठा दाबला. जड का हलकं, मले समजलं नाई.

ऐतवारी तुही नातसून मले पानी देऊन म्हने, "आप पड़ोस की हैं, अम्मा?" चांगली पोरगी आहे. तिचा काई दोष नाई, तिले महापरसाद काय ते कोनी सांगितलंच नाई. मंगळवारी तिसऱ्या दिवसाच्या नहावनाले मी पुन्हा आली होती. तुह्या लेकापाशी गेली. सांगावं म्हटलं, बाबू, तुह्या मायची गाडी माह्या बंद तोंडापायी गेली. तो डोकं भादरून बसला होता, तुह्यावानीच कान. "क्या मौसी?" म्हने. माही हिंदी सरली. मराठीबी सरली. "खाना खा लेना," एवढं म्हनून आली.

महापरसादाचं सुतक मी पाळून राहिली. लेक म्हनते, माय, या वयात आळनी नको खाऊ. खाऊन राहिली. पन दहाव्या दिवशी घरच्या बाया तलावात उतरते, त्याच्यात महापरसादाची जागा असते, लेकीच्या बरोबरीनं. ती जागा माही आहे का अजून, हे मले समजत नाई. जिनं एक खोटं सुतक तुह्या माथ्यावर टाकलं, तिले खरं पाळाचा हक्क राहते का? सांगनारं कोनी उरलं नाई.

म्हनून हा कागद ज्याच्या हाती पडन, त्याले माहं एवढंच मांगनं आहे. तिचं दसनहावन येत्या मंगळवारी आहे. त्याच्या आत खुर्सीपारले, ऐतवारी मयत झाली त्या घरी जाऊन, तिच्या मोठ्या लेकाले हे हिंदीत वाचून दाखवा. माह्या मायचं गाळू नका, अन माहं बी नाई. मंग तो मले पान्यात उतरू देतो का नाई, ते हुडकोले माह्या घरी येऊन सांगा. नाई म्हनला तरी सांगा.